फॉस्फरसची तीन रूपे: मूलद्रव्य एक, स्वभाव वेगळे

आजचा विषय आहे अपरूपता. शब्द जड वाटतो, पण शाळेच्या पुस्तकात तुम्ही तो वाचलेला आहे: कार्बनची अपरूपे, हिरा आणि ग्रॅफाइट, फरक स्पष्ट करा, दोन गुण. आज आम्ही हिऱ्याकडे फारसे वळणार नाही. हिऱ्याचे कौतुक करायला दुकानदार आहेत. आज आपण फॉस्फरस घेऊ. याची दोन रूपे एकमेकांपासून किती वेगळी आहेत हे रसायनशास्त्राला १८४०च्या दशकातच कळले होते. तरीही त्यानंतर साठ वर्षे कारखान्यांतले कामगार त्यातल्या वाईट रूपाशी काम करत राहिले, आणि त्यांतल्या अनेकांचे जबडे अक्षरशः सडून गेले. म्हणजे हा विषय दोन गुणांचा नाही.

आधी शब्द नीट समजून घेऊ. एकच मूलद्रव्य, त्याच जातीचे अणू, पण ते एकमेकांना वेगवेगळ्या पद्धतीने जोडले गेले की वेगवेगळे पदार्थ तयार होतात. या पदार्थांना त्या मूलद्रव्याची अपरूपे म्हणायचे. ही कल्पना आणि तिचे युरोपीय भाषांतले नाव स्वीडनच्या बर्झेलियसने १८४१च्या सुमारास दिले. इथे एक गल्लत नेहमी होते. समस्थानिके वेगळी आणि अपरूपे वेगळी. समस्थानिकांत अणूच्या केंद्रकातल्या न्यूट्रॉनची संख्या बदलते. अपरूपांत अणू तसाच राहतो, फक्त त्याची शेजाऱ्यांशी असलेली जुळणी बदलते. आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन दोन अणूंचा, आणि ओझोन तीन अणूंचा. पहिल्यावाचून आपण जगत नाही, दुसरा छातीत गेला तर खोकला आणि जळजळ. अणू मात्र तेच.

आणखी एक उदाहरण, कारण ते आपल्या स्वयंपाकघरातले आहे. पितळी भांड्याला कल्हई करतात ती कथिलाची. कथील आपल्याला माहीत आहे ते चकचकीत, मऊ, धातूसारखे. पण १३ अंश सेल्सिअसच्या खाली कथिलाचे जास्त स्थिर रूप वेगळे असते: करडे आणि ठिसूळ. रूप बदलताना आकारमान सुमारे २७ टक्क्यांनी वाढते, म्हणून वस्तू फुगते, तडकते आणि तिची भुकटी होते. मग महाबळेश्वरच्या थंडीत कल्हई का उडून जात नाही? कारण हा बदल फार संथ असतो, तो नीट पकड घेतो शून्याच्या बराच खाली, आणि कथिलात थोडी इतर धातूंची भेसळ असली तरी तो अडतो. नेपोलियनच्या सैनिकांची कथिलाची बटणे रशियाच्या थंडीत भुकटी झाली, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गोष्ट छान आहे. तिला पुरावा नाही. कथिलातून आपण एवढेच उचलू की एखादे रूप जास्त स्थिर असले म्हणून पदार्थ लगेच त्या रूपात जातो असे नाही. मध्ये चढ असतो. चढ उंच असला तर अस्थिर रूपसुद्धा वर्षानुवर्षे तसेच राहते. हिरा तसाच राहिलेला आहे, आणि पांढरा फॉस्फरससुद्धा.

आता फॉस्फरसकडे येऊ. शेतकरी मंडळी याला स्फुरद म्हणून ओळखतात: नत्र, स्फुरद, पालाश. पण खताच्या गोणीत असते ते फॉस्फेट, म्हणजे ऑक्सिजनशी बांधलेला फॉस्फरस. आपल्या हाडांतही तोच, कॅल्शियमबरोबर. निसर्गात सुटा फॉस्फरस सापडत नाही. तो पहिल्यांदा सुटा केला हॅम्बुर्ग शहरातल्या हेनिग ब्रांट नावाच्या किमयागाराने, १६६९ मध्ये. त्याला सोने हवे होते. त्यासाठी त्याने माणसाचे मूत्र गोळा केले, आटवले आणि उरलेला साका खूप तापवला. सोने मिळाले नाही. मिळाला एक मेणासारखा पदार्थ, जो अंधारात हिरवट उजेड देत होता. फॉस्फरस या नावाचा अर्थच प्रकाश आणणारा.

ब्रांटला मिळालेला हा पांढरा फॉस्फरस. जुना झाला की, किंवा उजेड लागला की, त्यावर पिवळी झाक येते, म्हणून त्याला पिवळा फॉस्फरसही म्हणतात. हे लक्षात ठेवा: पांढरा आणि पिवळा या दोन वस्तू नाहीत. याचा स्वभाव बघा. सुरीने कापता येईल इतका मऊ. ४४ अंशांना वितळतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात त्याला वितळायला चूलसुद्धा लागणार नाही. कोरड्या हवेत ठेवला तर ३०–३५ अंशांच्या आसपास आपोआप पेट घेतो, म्हणून त्याला पाण्याखाली ठेवतात. पाण्यात तो जवळजवळ विरघळत नाही, पण कार्बन डायसल्फाइडमध्ये सहज विरघळतो. कातडीवर पडला तर खोलवर भाजतो. आणि पोटात गेला, किंवा त्याची वाफ रोज श्वासात गेली, तर विष.

इतका उतावीळ का? त्याचे उत्तर जुळणीत आहे. पांढऱ्या फॉस्फरसचा रेणू चार अणूंचा. तीन अणू जमिनीवर त्रिकोणात ठेवा आणि चौथा त्यांच्या डोक्यावर मधोमध. झाला चतुष्फलक. प्रत्येक अणूला तीन बंध, म्हणजे चौघांपैकी प्रत्येकाने उरलेल्या तिघांचा हात धरलेला. अशा रचनेत दोन बंधांमधला कोन ६० अंशांचा होतो. फॉस्फरसच्या अणूला मोकळे सोडले तर त्याला १०० अंशांच्या जवळपासचा कोन सोयीचा वाटतो. म्हणजे हे चौघे अंग चोरून, हात पिळून उभे आहेत. ऑक्सिजन जवळ आला रे आला, की ताणलेले बंध सुटतात आणि साठलेली ऊर्जा बाहेर पडते. शिवाय हे चार-चारांचे गट एकमेकांना घट्ट बांधलेले नाहीत. म्हणून पदार्थ मऊ, लवकर वितळणारा, लवकर वाफ होणारा. ही वाफ पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता तांबडा. उन्हात ठेवलेल्या पांढऱ्या फॉस्फरसवर तांबडा थर येतो हे लोकांनी पाहिले होते. बहुतेकांना वाटे की हे फॉस्फरसचे कुठले तरी ऑक्साइड असावे, म्हणजे फॉस्फरस गंजला असावा. व्हिएन्नाच्या अँटन श्रॉटरने १८४०च्या दशकात हा प्रश्न निकालात काढला, आणि त्याची रीत आम्हाला फार आवडते, कारण ती साधी आहे. त्याने ऑक्सिजन अजिबात पोहोचणार नाही अशा वायूत कोरडा पांढरा फॉस्फरस तापवला. २५० अंशांच्या आसपास तो तांबडा झाला. ऑक्सिजनच नव्हता, तर ऑक्साइड कुठून येणार? मग हा तांबडा पदार्थ त्याने आणखी तापवला. त्याची वाफ झाली, आणि वाफ थंड केल्यावर पुन्हा पांढरा फॉस्फरस मिळाला. बाहेरून काही आले नाही, आतून काही गेले नाही. म्हणजे दोन्ही एकच मूलद्रव्य.

तांबड्यात काय झाले? प्रत्येक चौकडीतला एक बंध तुटला आणि मोकळ्या झालेल्या हातांनी शेजारच्या चौकडीचा हात धरला. त्या चौकडीने पुढचीचा. अशी लांब, गुंतागुंतीची साखळी तयार झाली. हातांवरचा ताण कमी झाला आणि सुटे गट उरले नाहीत. परिणाम असा: तांबडा फॉस्फरस हवेत उघडा ठेवता येतो, पेटवायला २४० अंशांच्या आसपास उष्णता लागते, कार्बन डायसल्फाइडमध्ये तो विरघळत नाही, अंधारात चमकत नाही, त्याची वाफ सहजी होत नाही. आणि शुद्ध असेल तर तो पांढऱ्यासारखा विषारी नाही.

इथपर्यंत सगळे प्रयोगशाळेतले झाले. आता कारखान्यात जाऊ.

१८३०च्या सुमारास फ्रान्सच्या शार्ल सोरियाने काडीच्या गुलात पांढरा फॉस्फरस घातला. काडी कुठेही घासा, भिंतीवर, बुटाच्या तळव्यावर, दगडावर, लगेच पेटते. त्याआधी विस्तव सांभाळणे हा घराघरातला रोजचा उद्योग होता. चकमक, कापूस, राखेखाली झाकलेले निखारे. त्या जागी खिशातली काडी आली म्हटल्यावर खप किती झाला असेल ते सांगायला नको. कारखान्यांत फॉस्फरसचा गरम लगदा करायचे, त्यात काड्यांची टोके बुडवायची, वाळवायची, पेट्यांत भरायची. हे काम बहुतेक बायका आणि मुले करत. खोल्या बंद, हवेत फॉस्फरसची वाफ.

काही वर्षांतच दात दुखू लागले. आधी हिरडी सुजे, मग पू होई, दात पडत, दुर्गंधी इतकी की घरचे माणूसही जवळ बसत नसे. आतले जबड्याचे हाड मरत जाई. किडलेल्या दाताच्या वाटेने वाफ हाडापर्यंत पोहोचते असे तेव्हाच्या डॉक्टरांचे निरीक्षण होते. उपाय एकच: मेलेला जबडा कापून काढणे. व्हिएन्नाचे डॉक्टर लोरिन्झर यांनी १८४५ मध्ये अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. शहर पाहा आणि साल पाहा. त्याच व्हिएन्नात, त्याच वर्षांत श्रॉटर तांबड्या फॉस्फरसवर काम करत होता. रोग आणि त्यावरचा उपाय एकाच गावात, एकाच दशकात.

उपाय वापरातही आला. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ आर्थर ऑल्ब्राइटने तांबडा फॉस्फरस मोठ्या प्रमाणावर तयार करायला सुरुवात केली. स्वीडनमध्ये योन्शोपिंगच्या लुंडस्ट्रॉम बंधूंनी त्याची काडेपेटी बनवली आणि १८५५च्या पॅरिसच्या प्रदर्शनात तिला पदक मिळाले. पण बाजार जिंकला नाही. का? एक, तांबडा फॉस्फरस पांढऱ्यापासूनच करावा लागतो, म्हणजे तो महाग. दोन, ही काडी कुठेही घासून पेटत नाही, तिला तिची पेटीच लागते. गिऱ्हाइकाला कुठेही पेटणारी आणि स्वस्त काडी हवी होती. जबडा गिऱ्हाइकाचा जात नव्हता.

जुलै १८८८ मध्ये लंडनच्या बो भागातल्या ब्रायंट अँड मे या कारखान्यातल्या सुमारे १४०० कामगारांनी, मुख्यतः मुलींनी आणि बायकांनी, संप केला. त्याच्या आधी, जूनमध्ये, या कारखान्यातल्या परिस्थितीवर एक झणझणीत लेख आला होता. लेखिकेचे नाव ॲनी बेझंट. होय, त्याच. पुढे १८९३ मध्ये भारतात आलेल्या, १९१६ मध्ये टिळकांच्या पाठोपाठ होमरूल लीग काढणाऱ्या आणि १९१७ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या. संपातल्या मागण्या मुख्यतः दंड आणि कपातीबद्दल होत्या, पण त्यात एक मागणी अशी होती की जेवायला वेगळी खोली द्या. कारण कामाच्या बाकावरच भाकरतुकडा खावा लागे, आणि त्यावर फॉस्फरस बसलेला असे. संप यशस्वी झाला, खोली मिळाली. पांढरा फॉस्फरस मात्र गेला नाही. त्या कारखान्यात तो १९०१ पर्यंत चालू होता. मधल्या काळात, १८९१ मध्ये, साल्व्हेशन आर्मीने लंडनमध्येच तांबड्या फॉस्फरसचा कारखाना काढून दाखवला. काड्या चांगल्या होत्या, पण स्वस्ताईत त्यांचा टिकाव लागला नाही.

फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्ये बंदी घातली होती, पण एकट्या देशाने बंदी घातली की शेजारचा स्वस्त माल आत येतो, ही कारखानदारांची तक्रार अगदीच खोटी नव्हती. अडचण सुटायला रसायनशास्त्राने आणखी एक मदत केली. १८९८ मध्ये फ्रान्सच्या सरकारी काडेपेटी उद्योगातल्या सेव्हेन आणि काहेन या दोघांनी फॉस्फरस आणि गंधकाचे एक संयुग गुलात वापरले. ते कुठेही घासून पेटते आणि त्याने जबडा सडत नाही. आता सबब उरली नाही. १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे आंतरराष्ट्रीय करार झाला, ब्रिटनने १९०८ मध्ये कायदा केला, आणि भारतात १९१३ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांना बंदी करणारा कायदा आला. आपल्याकडचे काडेपेटीचे मोठे कारखाने त्यानंतरचे. अंबरनाथच्या विमको कारखान्यामागची कंपनी १९२३ मध्ये स्वीडिश भांडवलावर उभी राहिली. शिवकाशीचा उद्योगही १९२०च्या दशकातला. त्यांचे इतर प्रश्न आहेत, शिवकाशीच्या बालमजुरीवर खूप लिहिले गेले आहे, पण जबडा सडवणारा हा रोग त्यांच्या वाट्याला आला नाही.

आता हातातली काडेपेटी बघा. आम्ही मुद्दाम समोर सगळ्यांना एकेक दिली आहे, ऑनलाइन ऐकणाऱ्यांनी देवघरातली आणावी. फॉस्फरस कुठे आहे? दहापैकी आठ जण काडीच्या गुलाकडे बोट दाखवतात. गुलात फॉस्फरस नसतो. तिथे पोटॅशियम क्लोरेट, गंधक, सरस वगैरे. फॉस्फरस आहे पेटीच्या कडेच्या तपकिरी पट्टीत, काचेच्या चुऱ्याबरोबर, आणि तो तांबडा. या दोघांना वेगळे ठेवण्याचे कारण असे की तांबडा फॉस्फरस एकटा शहाणा, पण पोटॅशियम क्लोरेटबरोबर मिसळला की नुसत्या घासण्याने स्फोट होतो. म्हणून एक काडीवर, दुसरा पेटीवर, आणि दोघांची भेट फक्त काडी ओढताना, तीही कणभर. काडी ओढली की घर्षणाने पट्टीवरच्या थोड्याशा तांबड्या फॉस्फरसची साखळी तुटते आणि त्याचा पांढरा होतो. तो हवेत लगेच पेटतो, त्याच्या उष्णतेने क्लोरेटमधून ऑक्सिजन सुटतो, गंधक पेटते, मग लाकूड. म्हणजे पांढरा फॉस्फरस आपण अजूनही वापरतो. फक्त लागेल तेव्हा, लागेल तेवढा, क्षणभरासाठी बनवतो.

तिसरे रूप काळा फॉस्फरस, त्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या पर्सी ब्रिजमनने १९१४ मध्ये पांढरा फॉस्फरस सुमारे २०० अंशांना १२ हजार वातावरणांच्या दाबाखाली ठेवला. बाहेर काढला तेव्हा तो काळा झाला होता. दिसायला ग्रॅफाइटसारखा, थरांचा, वीज थोडीफार वाहून नेणारा. तिन्हींत सर्वांत स्थिर हाच. २०१४ पासून त्याचे एकेक सुटे थर वेगळे करून त्यांतून ट्रान्झिस्टर बनवण्याचे काम चालू आहे, आणि हवेत ते थर खराब होतात ही त्यातली मोठी डोकेदुखी. विद्यार्थ्यांसाठी एक गंमत: ऊर्जेच्या कोष्टकांत मूलद्रव्याच्या सर्वांत स्थिर रूपाला शून्य धरतात. फॉस्फरसला अपवाद केला आहे. तिथे शून्य पांढऱ्याला. कारण पांढरा शुद्ध करायला सोपा आणि मोजायला भरवशाचा.

पांढरा फॉस्फरस जगातून गेलेला नाही. १९४३च्या जुलैमध्ये हॅम्बुर्गवर, म्हणजे ब्रांटच्याच गावावर, जे बॉम्ब पडले त्यांत फॉस्फरसचेही होते. जर्मनीतल्या उसेडोम बेटाच्या किनाऱ्यावर त्या युद्धातले तुकडे अजून वाहून येतात. ते दिसतात तृणमणीसारखे, आणि तिथे तृणमणी गोळा करायला लोक येतात. ओला तुकडा थंड असतो, काही करत नाही. खिशात तो वाळतो, अंगाच्या ऊबेने तापतो, आणि मग पेटतो. म्हणून तिथे सापडलेला खडा खिशात न ठेवता धातूच्या डब्यात ठेवा असे सांगतात.

आणि आपल्याकडे? उंदीर मारायच्या काही मलमांच्या नळ्यांत पिवळा फॉस्फरस असतो. सुरुवातीला आम्ही म्हटले ना, पिवळा म्हणजे पांढराच. लहान मुलांच्या तोंडात ही नळी जाते, कधी कुणी रागाच्या, निराशेच्या भरात ते घेते. पहिल्या दिवशी उलट्या, पोटदुखी. मग एखाद-दोन दिवस माणूस बरा वाटतो, आणि घरचे म्हणतात, निभावले. फॉस्फरस त्या वेळी यकृतावर काम करत असतो. त्यानंतर कावीळ होते, आणि यकृत निकामी होऊ शकते. यावर थेट उतारा असे औषध नाही. लवकर दाखल केले तर डॉक्टरांना यकृत सांभाळायला वेळ मिळतो. तेव्हा बरे वाटतेय म्हणून घरी थांबू नका. तूप किंवा दूध पाजू नका. चरबीत फॉस्फरस विरघळतो आणि शरीरात जास्त जातो. सरळ मोठ्या रुग्णालयात जा, आणि नळी किंवा तिचे खोके बरोबर घेऊन जा, म्हणजे डॉक्टरांना नाव वाचता येईल.